कवडी, शंख, समुद्रफेस : रिकाम्या कवचांमागचे जीव

चोपड्याच्या बाजारातून परतणारा शेतकरी "औंदा केळीले कवडीमोल भाव भेटना, आप्पा" असे म्हणतो, तेव्हा तो जिचे नाव घेतो ती कवडी मुळात एका समुद्री गोगलगायीच्या अंगाचा भाग असते. ही गोगलगाय उथळ, उबदार समुद्रात राहते, दिवसा प्रवाळाच्या फटीत किंवा दगडाखाली दडते आणि रात्री खडकावरचे शेवाळ खरवडायला बाहेर पडते. मालदीव बेटांवरून तिच्या कवड्या गलबते भरभरून भारतात येत, आणि बंगालात तर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत त्या नाणे म्हणून चालत. एका रुपयाला हजारो कवड्या पडत, म्हणून मातीमोल भावाला आपण अजूनही कवडीमोल म्हणतो.

खानदेशाला समुद्र नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याची रांग आणि मधून पश्चिमेकडे वाहत जाणारी तापी, जी समुद्राला भेटते ती पार सुरतेच्या पुढे. तरीही समुद्राचे जीव आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. देवघरात शंख आणि शाळिग्राम असतो, पोळ्याला बैलाच्या गळ्यात कवड्यांची माळ असते, चाळीसगाव-जामनेरकडच्या तांड्यांवरील बंजारा बायांच्या कशिद्यात कवड्या टाचलेल्या असतात, आणि काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस नावाची एक पांढरी, हलकी, होडीच्या आकाराची वडी मिळते. माझ्या आजीच्या पेटीत यांतल्या बहुतेक वस्तू एका जुन्या धडप्यात बांधलेल्या होत्या. शाळेत विज्ञान शिकवू लागल्यावर मी ते गाठोडे एकदा वर्गात नेले, आणि या सगळ्या वस्तू एकाच प्राणिसंघातल्या जिवांच्या आहेत हे सांगितल्यावर मुलांना ते खरे वाटेना. शंख आणि शाळिग्राम यांचे काय नाते, हा प्रश्न रास्तच होता. या लेखात ते नाते उलगडून सांगण्याचा प्रयत्न आहे.

या संघाला मराठी जीवशास्त्रात मृदुकाय म्हणतात. इंग्रजीतून आलेला मॉलस्का हा शब्दही आपल्याकडे रुळला आहे. मृदुकाय म्हणजे मऊ अंगाचे. त्यांच्या शरीरात हाडांचा सांगाडा नसतो आणि कीटकांसारखे सांध्यांचे अंगही नसते. नाव दिलेल्या मृदुकाय जातींची संख्या ऐंशी हजारांच्या आसपास जाते, म्हणजे कीटक, खेकडे आणि कोळी ज्या संधिपाद संघात मोडतात त्याच्या खालोखाल प्राण्यांमधला हा सर्वांत मोठा संघ ठरतो. समुद्रातल्या नाव दिलेल्या जीवजातींपैकी सुमारे २३ टक्के जाती एकट्या मृदुकायांच्या आहेत, आणि भारताच्या समुद्रांतून त्यांच्या तीन हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे.

एवढ्या जातींमागे शरीराची घडण मात्र एकच आहे, आणि ती समजली की पुढचे सारे सोपे होते. एक मांसल पाय, ज्यावर प्राणी सरकतो किंवा ज्याने वाळू उकरतो. पायावर पोटातल्या अवयवांचे गाठोडे. त्या गाठोड्यावर पदरासारखी पसरलेली एक पातळ त्वचा, जिला प्रावार म्हणतात. शंख, शिंपला, कवडी, मोती हे सारे या प्रावाराचेच काम. आणि तोंडात कानशीसारखी एक पट्टी, जिच्यावर बारीक दातांच्या रांगा असतात. तिला रेत्रिका म्हणतात. शिंपल्यांनी ही कानस टाकून दिली, पण बाकी जवळजवळ सर्वांनी ती आपापल्या धंद्याप्रमाणे घासून-वाकवून घेतली. पाय, पोट, पदर आणि कानस या चार गोष्टी कमी-जास्त करून निसर्गाने तांदळाच्या दाण्याहून लहान गोगलगायीपासून बारा-तेरा मीटर लांबीच्या राक्षसी स्क्विडपर्यंत, म्हणजे म्हाकुलाच्या एका महाकाय भाऊबंदापर्यंत, सारे प्राणी घडवले आहेत.

कवचाविषयीचा एक गैरसमज आधीच दूर करायला हवा, कारण तो शिकलेल्या माणसांतही सर्रास आढळतो. शंख हे त्या प्राण्याला आयते मिळालेले घर नव्हे. आयत्या शंखात बिऱ्हाड करतो तो एका जातीचा खेकडा. वाढला की तो जुना शंख सोडून मोठा शोधतो. शंख घडवणारी गोगलगाय मात्र अंड्यातून बाहेर येण्याआधीच इवलेसे कवच धारण करते, आणि ती जशी वाढते तसे प्रावाराच्या कडेला नवे कवच चढत जाते. ते कवच तिच्या शरीराला स्नायूने जोडलेले असते, म्हणजे आपली नखे जशी आपल्यापासून वेगळी नाहीत तसे तेही तिच्यापासून वेगळे नाही. शंखाच्या टोकावरचा अगदी बारीक वेढा हे तिचे बाळपण आणि तोंडाकडचा रुंद काठ हे तिचे शेवटचे दिवस.

हे कवच बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्याच द्रव्याचे असते. ते पाहण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. नदीतला एक जुना शिंपला घ्यावा, खडबडीत दगडावर त्याची पाठ थोडी घासावी आणि घासलेल्या जागी लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकावेत. थोड्या वेळाने रसात बारीक बुडबुडे उठू लागतात, कान जवळ नेला तर हलकी चुरचुरही ऐकू येते. आम्लाने चुनखडी विरघळते आहे आणि तिच्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो आहे. हा प्रयोग ध्यानात ठेवावा. पुढे समुद्राच्या काळजीविषयी बोलताना तो पुन्हा लागणार आहे.

आता शंख. पूजेचा शंख ज्या गोगलगायीचा असतो ती मन्नारच्या आखातात, पाल्कच्या उपसागरात आणि कच्छच्या आखाताकडे वाळूच्या तळावर राहते आणि वाळूतले किडे खाते. जिवंतपणी तिच्या पांढऱ्या शंखावर तपकिरी, खरखरीत साल असते. घासून-पुसून पांढरा झालेला शंखच आपल्याला ठाऊक असतो. शिखर वर आणि तोंड आपल्याकडे करून असा शंख धरला, तर जवळजवळ प्रत्येक वेळी त्याचे तोंड आपल्या उजव्या हाताला येते. याच जातीत फार क्वचित उलट्या वळणाचा शंख निपजतो, आणि शिखर खाली करून धरल्यावर त्याचे तोंड उजवीकडे दिसते म्हणून त्याला दक्षिणावर्ती म्हणतात. वळण कोणत्या बाजूचे हे पिलाच्या नव्हे तर आईच्या जनुकांवरून ठरते, असे तळ्यातल्या एका गोगलगायीवरच्या अभ्यासांतून दिसले आहे. येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. अमेरिकेच्या किनाऱ्यावर एका निराळ्याच जातीचे शंख आहेत, ज्यांचे वळण निसर्गतःच डावे असते आणि ते तिथे विपुल मिळतात. हेच शंख आपल्याकडे दक्षिणावर्ती म्हणून चढ्या किमतीला विकले जातात. त्यांचे वळण खरेच उलटे असते, पण ते दुर्मीळ नसतात. घरातला पैसा घालण्याआधी एवढे माहीत असलेले बरे.

शंखवर्गीयांच्या, म्हणजे गोगलगायींच्या वर्गातल्या जिवांच्या, कानशीचे दोन नमुने मला फार विलक्षण वाटतात. पहिला लिंपेटचा. किनाऱ्याच्या खडकाला टोपीसारखा चिकटून बसलेला हा लहानसा जीव भरतीच्या वेळी हिंडून खडकावरचे शेवाळ खरवडतो आणि त्याच्या अनेक जाती ओहोटीपूर्वी नेमक्या आपल्या जुन्या जागी परततात. तिथे खडक आणि कवचाचा काठ एकमेकांना इतके तंतोतंत जुळलेले असतात की आतला ओलावा उन्हात सुकत नाही. दगड खरवडायचा तर दातही तसेच हवेत. २०१५ साली इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातील संशोधकांनी लिंपेटचे दात तपासले, तेव्हा तोवर सर्वांत बळकट समजल्या जाणाऱ्या कोळ्याच्या धाग्यापेक्षाही त्यांचा ताण सोसण्याचा गुण वरचढ निघाला. त्या दातांत गोथाइट नावाच्या लोहखनिजाचे तंतू असतात. लिंपेटचा दूरचा नातलग कायटन याच्या दातांत तर मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला ओढले जाणारे लोहखनिज सापडते.

दुसरा नमुना शंकूच्या आकाराच्या कोनस गोगलगायीचा. तिच्या रेत्रिकेचा एकेक दात पोकळ, काटेरी भाल्यासारखा झालेला असतो. ती तो सोंडेच्या टोकाशी आणून भक्ष्यावर फेकते आणि त्यातून विष सोडते. सावकाश सरकणाऱ्या गोगलगायीने चपळ मासा धरायचा, तर मासा क्षणात लुळा पडायला हवा. कोनसची एक जात तर माशाच्या भोवती पाण्यात इन्शुलिन सोडते, त्यामुळे माशाच्या रक्तातली साखर एकाएकी उतरते आणि तो सुस्त पडतो. या विषांत अनेक प्रकारची प्रथिने असतात आणि प्रत्येकाचा निशाणा मज्जातंतूवरचे एखादे ठरावीक दार असते. फिलिपिन्समध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांच्या गटाच्या कामातून यांतल्या एका द्रव्याचा माग लागला, आणि त्याच्यावरून बनवलेले झिकोनोटाइड हे असह्य वेदनांवरचे औषध २००४ साली अमेरिकेत मान्य झाले. किनाऱ्यावर फिरताना नक्षीदार, शंकूसारखा जिवंत शंख दिसला तर तो उचलू नये, हेही यातूनच येते. त्याच्या दंशाने माणसे दगावलेली आहेत.

कवडीकडे परत येऊ. कवडी नवी असो वा पन्नास वर्षे जुनी, ती अशी गुळगुळीत का, हा प्रश्न मुलेही विचारतात. इतर बहुतेक गोगलगायींचे प्रावार कवचाच्या आत असते. कवडीचे मात्र दोन्ही बाजूंनी बाहेर येऊन पाठीवर मधोमध मिळते आणि कवच पूर्ण झाकून टाकते. बाहेरूनही लेप चढत राहतो, त्यामुळे तिच्यावर शेवाळ बसत नाही आणि ओरखडाही टिकत नाही. कवडीच्या पाठीवर काही जातींत एक फिकट रेघ दिसते, ती हे दोन पदर जिथे भेटत त्या जागेची. पिलू असताना कवडीलाही साधा वेढ्यांचा शंख असतो. प्रौढ होताना त्याचा ओठ आत वळतो, दातेरी होतो आणि जुने वेढे आत झाकले जातात. मादी अंडी घातल्यावर ती उबेपर्यंत त्यांच्यावर बसून राहते. बैलाच्या गळ्यातल्या माळेत ज्या कवड्या आहेत, त्यांतल्या काहींनी कधीकाळी अशी अंडी राखली असतील.

शिंपला हा मृदुकायांतला दुसरा मोठा वर्ग, आणि त्याचे नदीतले भाऊबंद आपल्या ओळखीचे आहेत. गिरणेच्या, पांझरेच्या आणि तापीच्या वाळूत ते सापडतात, आणि तान्ह्या बाळाला शिंपल्याने दूध पाजलेल्या आज्या अजून गावोगाव आहेत. शिंपल्याला डोके नसते, जीभ नसते आणि तो अन्नाच्या मागे जात नाही. तो पाणी आत ओढतो, कल्ल्यांवरच्या लक्षावधी सूक्ष्म केसांनी त्यातले अन्नकण गाळून घेतो आणि स्वच्छ पाणी बाहेर टाकतो. एक मोठे कालव, म्हणजे ऑयस्टर, अनुकूल स्थितीत दिवसाकाठी शंभर लिटरहून अधिक पाणी गाळू शकते. नदीतल्या आणि समुद्रातल्या शिंपल्यांत एक सुंदर फरक आहे. समुद्रातले शिंपले आपली पिले पाण्यात सोडून देतात आणि ती प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात. नदीत असे केले तर सगळी पिले वाहून समुद्रात जातील. म्हणून नदीतल्या शिंपल्यांची पिले माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतात, काही दिवस त्याच्याबरोबर प्रवास करतात आणि मग तळाशी उतरतात. नदीत मासा उरला नाही, तर शिंपलाही उरत नाही.

समुद्रातल्या शिंपल्यांचे आयुष्य बाहेरून निवांत वाटले तरी सगळेच स्वस्थ बसणारे नाहीत. स्कॅलप नावाचा शिंपला दोन्ही झडपा टाळीसारख्या वाजवून पाण्यातून पळतो आणि त्याच्या काठावर दोनशेपर्यंत डोळे असू शकतात, ज्यांत भिंगाऐवजी आरशाने प्रतिमा तयार होते. टेरेडो हा शिंपला लाकूड पोखरतो. लाकडी गलबतांच्या काळात त्याने खलाशांची झोप उडवली होती. प्रवाळबेटांवरचा महाकाय शिंपला मीटरभराहून मोठा आणि दोनशे किलोहून जड होतो, कारण तो आपल्या मांसात सूक्ष्म शैवाल वागवतो आणि त्यांनी उन्हात तयार केलेल्या साखरेवर पोसला जातो. आणि आइसलँडजवळून २००६ साली काढलेल्या एका शिंपल्याच्या कवचावरील वर्षावर्षांच्या रेषा मोजल्या, तेव्हा त्याचे वय ५०७ वर्षे निघाले. म्हणजे तो जन्मला तेव्हा खानदेशावर बुऱ्हाणपूरच्या फारुकी सुलतानांची सत्ता होती.

मोत्याबद्दल दोन समजुती आहेत. जुनी अशी की स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की मोती होतो, आणि नवी अशी की वाळूचा कण शिरला की होतो. दुसरीही फारशी खरी नाही. शिंपला वाळूतच राहतो आणि कण बाहेर काढणे त्याला चांगले जमते. मोती होतो तो बहुधा एखाद्या परजीवीमुळे किंवा जखमेमुळे प्रावाराच्या कवच घडवणाऱ्या पेशी आत मांसात ढकलल्या गेल्या म्हणजे. त्या पेशींना दुसरे काही येत नाही. त्या जिथे पडतात तिथे कवच घडवत राहतात, आणि ते गोल होत जाते. शिंपल्याच्या आतला चमकदार थर आणि मोती यांचे द्रव्य एकच असते. अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास जाडीच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांवरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून ते रंग दिसतात. प्रावाराचा तुकडा मुद्दाम आत बसवून मोती घेण्याची विद्या भारतात १९७३ साली तुतिकोरिन येथे के. अलगरस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यशस्वी केली. भुवनेश्वरच्या गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने पुढे हीच पद्धत नदी-तळ्यांतल्या शिंपल्यांसाठी बसवली, त्यामुळे समुद्र नसलेल्या जिल्ह्यांतही शेततळ्यात मोती घेता येतो.

आजीच्या गाठोड्यातली सर्वांत दुर्लक्षित वस्तू समुद्रफेस, आणि माझ्या मते सर्वांत नवलाची तीच. नावावरून तो वाळलेला फेस वाटतो. हातात घेतला तर थर्माकोलसारखा हलका लागतो, नखाने खरवडला तर खडूसारखी भुकटी पडते आणि पाण्यात टाकला तर तरंगतो. तो आडवा मोडून कडेवर भिंग धरले, तर एकावर एक रचलेले शेकडो अरुंद मजले दिसतात आणि दर दोन मजल्यांमध्ये उभ्या, नागमोडी भिंती. हे कटलफिशचे कवच आहे, पण अंगाच्या आत गेलेले. कोकणात म्हाकूल म्हणून जे बाजारात येते त्यांच्या कुळातलाच हा जीव. नावात फिश असले तरी तो मासा नाही. या मजल्यांतले पाणी तो काढून घेतो तेव्हा तिथे वायू भरतो आणि तो हलका होऊन वर येतो. पाणी परत भरले की खाली उतरतो.

कटलफिश, स्क्विड आणि ऑक्टोपस हे शीर्षपाद, म्हणजे डोक्यालाच पाय फुटलेले मृदुकाय. गोगलगायीचा तो एकच मांसल पाय येथे आठ-दहा भुजांत विभागला आहे. त्यांना तीन हृदये असतात आणि रक्त निळसर, कारण त्यात लोहाऐवजी तांब्याने प्राणवायू वाहून नेला जातो. ऑक्टोपसच्या शरीरात सुमारे ५० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश त्याच्या भुजांत असतात, म्हणजे एकेक भुजा चाचपणे, पकडणे, चव घेणे ही कामे बरीचशी स्वतःच्या अकलेने करते. कवच टाकून दिल्यामुळे हे जीव उघडे पडले, आणि त्यांनी लपण्याची कला अशी साधली की तिला तोड नाही. त्यांच्या कातडीत रंगाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. प्रत्येक पिशवीभोवती स्नायू असतात आणि ते स्नायू थेट मेंदूच्या हुकमाने ताणले जातात, त्यामुळे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सारे अंग वाळूसारखे, खडकासारखे किंवा शेवाळासारखे होते. आश्चर्य म्हणजे यांतल्या बहुतेकांच्या डोळ्यात एकच प्रकाशग्राही रंगद्रव्य असते. आपल्या हिशेबाने ते रंगांधळेच.

त्यांच्या वागणुकीचे काही प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑस्ट्रेलियातील एका जातीच्या कटलफिशचा नर मादी आणि प्रतिस्पर्धी नर यांच्या मध्ये सापडला, तर अंगाच्या एका बाजूला, मादीकडे, नराचे पट्टे दाखवतो आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूला मादीचे रंग चढवतो, त्यामुळे प्रतिस्पर्धी फसतो. २०२१ साली अलेक्झांड्रा श्नेल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कटलफिशपुढे दोन प्रकारचे खाद्य ठेवले होते, साधे लगेच मिळणारे आणि आवडते थोडे थांबल्यावर मिळणारे. कटलफिश दोन मिनिटांपर्यंत थांबले. इंडोनेशियाजवळ एक ऑक्टोपस माणसांनी टाकलेल्या नारळाच्या करवंट्या उचलून, पोटाखाली धरून, अवघडत चालत नेतो आणि जिथे आडोसा नसेल तिथे दोन करवंट्या जोडून आत बसतो. आणि कॅलिफोर्नियाजवळच्या मॉन्टेरे दरीत, सुमारे १,४०० मीटर खोलीवर, एका ऑक्टोपस मादीला संशोधकांच्या यंत्राने २००७ ते २०११ या काळात पुन्हा पुन्हा त्याच खडकावर पाहिले. ती ५३ महिने आपल्या अंड्यांवरून हलली नाही. जवळ आलेले खेकडे ती दूर सारी, पण ते खाताना ती कधी दिसली नाही, आणि तिचा रंग फिका पडत गेला. शेवटी अंड्यांची रिकामी टरफले तिथे उरली आणि ती नव्हती. ऑक्टोपसची मादी अंडी उबली की मरते. हे वाचून मी पुष्कळ वेळ काही बोललो नव्हतो.

आपल्या मेंदूविषयीचे ज्ञानही या कुळाचे ऋणी आहे. स्क्विडच्या शरीरातला एक चेतातंतू जवळजवळ मिलिमीटरभर जाड असतो. त्यात तारा घालून हॉजकिन आणि हक्सले या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी चेतासंदेश कसा वाहतो हे शोधले आणि त्यांना १९६३ चे नोबेल मिळाले. समुद्री ससा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, बाहेर कवच नसलेल्या गोगलगायीवर काम करून एरिक कँडेल यांनी आठवण कशी साठते हे दाखवले. त्यांचे नोबेल २००० सालचे. कवच टाकलेल्या अशा समुद्री गोगलगायी विलक्षण रंगीत असतात. त्यांतल्या काही दंश करणारे जीव खातात आणि त्यांच्या डंखपेशी न फुटता आपल्या पाठीवर नेऊन स्वसंरक्षणासाठी वापरतात. याच्या अगदी उलट, हिंदी महासागराच्या तळाशी उष्ण झऱ्यांजवळ २००१ साली सापडलेल्या एका गोगलगायीच्या पायावर लोहसल्फाइडचे खवले आहेत. खोल समुद्रातल्या खाणकामाच्या धोक्यामुळे ती २०१९ साली संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत गेली.

आता शाळिग्राम. गंडकीच्या पात्रातून येणारा तो काळा, गुळगुळीत दगड फोडला किंवा झिजला की आत चक्र दिसते. ते चक्र अमोनाइट नावाच्या नामशेष शीर्षपादाच्या कवचाचे असते. हिमालय उठण्यापूर्वी तिथे जो समुद्र होता, त्याच्या तळाशी ते जीव गाडले गेले. अमोनाइटसाठी नेपाळपर्यंत जायलाही नको. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या नर्मदेच्या खोऱ्यात, मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यातल्या बाघ गावाजवळ, चुनखडकाचे थर आहेत आणि त्यांत अमोनाइट, कालवे आणि इतर शिंपले सापडतात. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेचा समुद्र नर्मदेच्या खोऱ्यातून आत शिरला होता, म्हणजे तो आपल्या सातपुड्याच्या पलीकडे येऊन ठेपला होता. पुढे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट पसरले आणि खानदेशाचा काळा कातळ तयार झाला. अमोनाइटही साधारण त्याच काळात, डायनासोरांबरोबर संपले. त्यांचा दूरचा नातलग नॉटिलस तेवढा, कप्प्याकप्प्यांचे कवच बाहेर वागवत, आजही प्रशांत आणि हिंदी महासागरात आहे.

लिंबाच्या प्रयोगाकडे परत येण्याची जागा ही. कोळसा आणि तेल जाळून हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा समुद्र शोषून घेतो आणि त्याचे पाण्यात सौम्य आम्ल होते. औद्योगिक युगापूर्वी समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू, म्हणजे पीएच, सुमारे ८.२ होता, तो आता ८.१ च्या आसपास आहे. आकडा लहान वाटतो, पण हे माप असे आहे की एवढ्याने आम्लता पाव पटीहून अधिक वाढते. पाणी लिंबासारखे आंबट होणार नाही. मात्र ज्या कार्बोनेटपासून कवच बांधायचे ते पाण्यात कमी होते आणि कवच धरू पाहणाऱ्या पिलांना सर्वांत आधी त्याची झळ बसते. कवचांच्या व्यापाराचे संकट निराळे. नॉटिलस, महाकाय शिंपल्याच्या काही जाती आणि काही मोठे शोभेचे शंख २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहेत, तेव्हा सहलीच्या दुकानात ते दिसले तरी विकत घेणे गुन्हा ठरू शकतो.

आमच्या शाळेची सहल एकदा मुरुडच्या किनाऱ्यावर गेली होती. सातवीतल्या एका मुलीने मूठभर शिंपल्या गोळा केल्या, आणि माळ ओवायला बसल्यावर तिने मला विचारले, "सर, ह्या शिंपल्यांना भोकं आधीच कोणी पाडली?" भोक सुईने पाडल्यासारखे गोल होते. भिंगाखाली धरले तर त्याची कड बाहेरून रुंद आणि आत निमुळती दिसत होती, सुताराने स्क्रूचे डोके बसवायला जागा केली असावी तशी. हे काम गोल, चकचकीत कवचाच्या एका शिकारी गोगलगायीचे. ती वाळूखाली शिंपल्याला गाठते, आपल्या पसरट पायात गुंडाळते, कवचावर आम्ल पाझरते आणि मऊ झालेली जागा रेत्रिकेने खरवडते. पुन्हा आम्ल, पुन्हा कानस, असे कित्येक तास. भोक आरपार गेले की सोंड आत घालून ती मांस खाते. त्या मुठीतल्या एका शिंपलीवर असाच गोल खड्डा होता, पण तो अर्ध्यावर थांबलेला होता. आतला जीव त्या दिवशी वाचला होता. मुलीने ती एक शिंपली माळेत ओवली नाही, कंपासपेटीत ठेवली.